वरचे दोन इंच: खारवट वावरात गव्हाच्या उगवणीच्या नोंदी

आमचं रान परभणी जिल्ह्यात, मानवतच्या बाजूला, जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या खाली. काळी भारी जमीन. कालव्यालगतच्या वीस गुंठ्यांना घरात ‘खारी’ म्हणतात. गेली तीन वर्षं तिथे गहू टाकतो आणि निम्मी ओळ रिकामी राहते. यंदा पेरायच्या आधी बी आणि मीठ यांचं नेमकं काय होतं ते डोळ्यांनी बघायचं ठरवलं. कुणाला असंच करून बघायचं असेल तर माझे वाया गेलेले दिवस त्यांचे तरी वाचावेत, म्हणून या नोंदी.

१२ ऑक्टोबर

गेल्या वर्षीचा माती तपासणीचा कागद काढला. सामू (पीएच) ८.७, क्षारता ०.८६ डेसिसायमन प्रति मीटर. एकच्या आत म्हणजे सर्वसाधारण, एक ते दोन म्हणजे उगवणीला बाधक, असं त्याच कागदाच्या पाठीमागे छापलंय. मग ०.८६ ला उगवण का मार खाते?

माय म्हणाली, “वरून पांढरं फुटलेलं दिसत न्हाई का तुला? खालची माती कशाला नेतो तपासाया?”

नमुना मला सांगितलं होतं तसा, व्ही आकाराचा खड्डा करून आठ इंचांपर्यंतचा घेतला होता. गहू पडतो दोन इंचांवर. आज दोन पिशव्या वेगळ्या भरल्या: एक वरच्या दोन इंचांची, एक त्याखालच्या सहा इंचांची.

१४ ऑक्टोबर

क्षारता मोजायचा पेन आला, ३५० रुपये. एक भाग वाळलेली माती, दोन भाग बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड पाणी, अर्धा तास अधूनमधून ढवळलं, गाळ बसू दिला आणि पेन बुडवला.

खालची माती: ७९०. वरची माती: २१०. (पेनवरचे हजार म्हणजे कागदावरचा एक.)

म्हणजे वरची माती खालच्यापेक्षा गोडी निघाली. मायला तसं सांगितलं. ती काही बोलली नाही.

१६ ऑक्टोबर

सोयाबीनची उगवण आपण घरी वर्तमानपत्राच्या गुंडाळीत तपासतो, तीच पद्धत घेतली. बी घरचं, लोक-१, बीजप्रक्रिया न केलेलं. खारवट जमिनीसाठी कर्नालच्या संस्थेने केआरएल २१० सारखे वाण काढलेत आणि राजस्थानचा खारचिया तर त्यासाठीच ओळखला जातो, पण ते बी आमच्याकडे मिळालं नाही. जे पेरणार तेच तपासायचं, हे बरंच झालं.

वरच्या मातीत मीठ कमी आहे असं धरून पाणीही हलकंच केलं: लिटरला अर्धा, एक आणि दीड ग्रॅम खडे मीठ. चौथी गुंडाळी साध्या पाण्याची. प्रत्येकीत २५ दाणे. गुंडाळ्या ओसरीवर उभ्या ठेवल्या.

१९ ऑक्टोबर

चारही गुंडाळ्यांत उगवण सारखीच, २२ ते २४. साध्या पाण्यातली तर सगळ्यांत कमी, २२. काहीच कळलं नाही.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. गुंडाळ्यांचे वरचे काठ वाळून कडक झाले होते. दीड ग्रॅमवालीच्या काठावर बोट फिरवून जिभेला लावलं तर चांगलं खारट. पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं, म्हणजे दाण्याभोवतीचं पाणी रोज थोडं जास्त खारं होत होतं. मी लिहून ठेवलेला आकडा पहिल्या तासापुरताच खरा होता.

२१ ऑक्टोबर

आज सगळ्या चुका एकदम उघड झाल्या.

लेक नववीत आहे. ती पेन हातात घेऊन म्हणाली, “बाबा, कोपऱ्यात बारीक ×१० येतंय ते पाहिलं का?” नव्हतं पाहिलं. ९९९ च्या पुढे गेलं की हा पेन दहाने भागून आकडा दाखवतो आणि कोपऱ्यात ती खूण आणतो. वरची माती २१० नव्हती, २१०० होती. म्हणजे क्षारता २.१. खालच्या मातीच्या ७९० पुढे ती खूण नव्हती, म्हणजे ०.७९.

वरच्या दोन इंचांत खालच्याच्या अडीचपटीहून जास्त मीठ. माय बरोबर होती. पाणी जमिनीतून वर चढतं, उन्हाने उडतं, मीठ वरच साचतं. गुंडाळीच्या काठावर जे झालं तेच वावरात होतंय.

मग ‘साधं पाणी’ म्हणून वापरलेलं बोअरचं पाणीही मोजलं: २.४. साधं म्हणावं असं ते नव्हतंच. तुलनेला धरलेली गुंडाळीच खारी असेल तर बाकीच्या आकड्यांना अर्थ उरत नाही.

आणखी एक हिशेब मी चुकवला होता. मोजताना मातीत दुप्पट पाणी घालतो. वाफशावर (पेरण्याजोग्या ओलीवर) असलेल्या काळ्या मातीत पाणी वजनाच्या साधारण एक तृतीयांश असतं. म्हणजे दाण्याला भेटणारं पाणी पेनच्या आकड्यापेक्षा सहापट खारं असू शकतं. २.१ चे बारा-तेरा. लिटरला दीड ग्रॅम मिठाने तीनच्या आतच भर पडते, बोअरचे २.४ धरले तरी साडेपाचच्या आतच. माझा पहिला प्रयोग खारीच्या जवळपासही नव्हता.

नऊ दिवस गेले. लेकीच्या वहीत नवीन पान काढलं.

२३ ऑक्टोबर

दुसरी मांडणी. बदललेलं सगळं लिहितो, कारण फरक याच बारीकसारीक गोष्टींनी पडला.

पाणी फक्त डिस्टिल्ड. मीठ खडेच घेतलं, बारीक पॅकेटच्या मिठात गाठी होऊ नयेत म्हणून दुसरं काहीबाही घातलेलं असतं. खडे मीठ हवेतली ओल धरतं, आणि ओलं मीठ तोललं तर तितकं मीठ कमी पडतं. म्हणून आधी तव्यावर कोरडं होईपर्यंत भाजलं, गार केलं आणि सोनारी काट्यावर तोललं. काटा ४५० रुपये, पण घरातल्या भाजीच्या काट्यावर तीन ग्रॅम आणि चार ग्रॅम यांत फरकच दिसत नव्हता.

लिटरला ०, ३, ६, ९ आणि १२ ग्रॅम. पेनवर तीन ग्रॅमचं पाणी साडेपाचच्या आसपास आलं, सहा ग्रॅमला पेनची हद्द संपली. तिथून पुढे काट्यावरच विश्वास.

वर्तमानपत्र सोडलं, टिश्यू पेपरचे चार थर घेतले. गुंडाळीऐवजी मिठाईचे झाकणवाले प्लास्टिकचे डबे, प्रत्येक पाण्याला चार डबे, डब्यात २५ दाणे. म्हणजे प्रत्येक पाण्याला १०० दाणे. प्रयोगशाळेत चारशे मोजतात, माझ्याकडे डबे वीसच होते. प्रत्येक डब्याचं झाकणासह वजन झाकणावरच लिहिलं. रोज तोलायचं आणि वजन जितकं घटलं तितकं डिस्टिल्ड पाणी थेंबाथेंबाने घालायचं. खारं पाणी परत घालायचं नाही, कारण उडून जातं ते पाणीच.

डबे माळवदाच्या खोलीत ठेवले. बाहेर दुपारी ३२ अंश असताना आत २४-२५ च्या वर पारा गेला नाही. गव्हाची उगवण तपासायला २० अंश धरतात. तितकं जमलं नाही, पण दिवसरात्र फारसा चढउतार नव्हता, त्यावर समाधान मानलं.

२४ ते २७ ऑक्टोबर

मुळीचं टोक तिळाएवढं बाहेर आलं की दाणा फुटला असं धरायचं, हे लेकीने आणि मी आधीच ठरवून घेतलं. पहिल्या खेपेला ती एक धरत होती, मी दुसरंच.

२४ तासांनी: साध्या पाण्यात ३१, तीन ग्रॅममध्ये १८, सहामध्ये २. नऊ आणि बारामध्ये एकही नाही. दाणे मात्र सगळ्याच डब्यांत फुगले होते.

४८ तासांनी: ९२, ८८, ६१, २२, ३.

७२ तासांनी: ९६, ९५, ८६, ५८, २१.

चौथ्या दिवशी: ९७, ९६, ९१, ७४, ३९.

मला वाटत होतं, मीठ वाढलं की बी मरतं. पण सहा ग्रॅमचा डबा दुसऱ्या दिवशी बघितला असता तर ‘एकसष्टच’ म्हणालो असतो आणि चौथ्या दिवशी त्याच डब्यात ९१ आहेत. दाण्याला पाणी ओढायला जड जातंय, उशीर होतोय. घरात हा उशीर नुसता आकडा आहे. वावरात त्या दोन-तीन दिवसांत माती वरून वाळते, किडा-मुंगी लागते, बुरशी धरते.

३१ ऑक्टोबर

आठवा दिवस, शेवटची मोजणी: ९७, ९६, ९२, ८१, ५४.

नऊ ग्रॅमला ८१ पाहून बरं वाटलं. शासकीय प्रमाणात गव्हाच्या बियाण्याची उगवण किमान ८५ टक्के लागते, त्याच्या जवळच की. मग लेकीने एकेक रोप उचलून पट्टीवर ठेवलं. साध्या पाण्यातला कोंब सरासरी ११ सेंटिमीटर (झाकणाला लागून वाकले होते, सरळ करून मोजले), तीन ग्रॅमला ९, सहाला ५, नऊला २. बारा ग्रॅमला एक सेंटिमीटरही नाही, बहुतेकांना नुसती मुळीच.

नऊ ग्रॅमच्या ८१ पैकी धड मुळ्या आणि हिरवा कोंब असलेली रोपं मोजली तर ४३. बाकीच्या मुळ्या आखूड, टोकाला तपकिरी. फुटणं वेगळं आणि उगवणं वेगळं. दोन इंचांवर पेरलेल्या दाण्याचा कोंब दोन सेंटिमीटरवर थांबला तर तो मातीबाहेर कधी येणार? तुम्ही मोजाल तेव्हा दोन्ही आकडे लिहा. फुटलेले दाणे एका रकान्यात, धड रोपं दुसऱ्या.

बारा ग्रॅमच्या डब्यांत न फुटलेले ४६ दाणे राहिले होते. फेकून देणार होतो. लेक म्हणाली, धुऊन साध्या पाण्यात ठेवू. पाच दाणे मऊ पडून बुरशी धरलेले होते, ते टाकले. ४१ दाणे तीनदा डिस्टिल्ड पाण्यात खळबळून नव्या डब्यात ठेवले.

३ नोव्हेंबर

४१ पैकी २९ फुटले.

आठ दिवस खाऱ्या पाण्यात पडून राहिलेले दाणे. गेली तीन वर्षं मी यांनाच ‘कुजलेलं बी’ समजून दुकानदाराशी भांडत होतो. ते वाट बघत होते. रोपं साध्या पाण्यातल्याइतकी जोमदार नाहीत, पण जिवंत आहेत. मीठ दाण्याभोवतून थोडं बाजूला केलं, खाली ढकललं, तर तेच बी उगवतं. या सगळ्या खटाटोपातून मला हवं होतं ते हेच.

रात्री खारीचा कच्चा नकाशा काढला. पाणी कुठून सोडायचं, कुठे चर काढून बाहेर काढायचं.

४ नोव्हेंबर

डब्यातल्या टिश्यू पेपरवर नुसतं मीठ होतं. खारीत मीठही आहे आणि चोपणपणाही (सोडियममुळे माती घट्ट होते तो), सामू ८.७ आहे. म्हणून आता खुद्द खारीची वरची माती. सहा ट्रे, प्रत्येकात ५० दाणे, दोन इंच खोल. दोन ट्रे तशाच मातीचे. दोनमध्ये माती आधी भरपूर पाण्याने भिजवून खालच्या भोकांतून निथळू दिली, मग पेरलं. दोनमध्ये निथळूनही घेतली आणि पेरल्यावर वरून सोयाबीनच्या भुस्कटाचा पातळ थर दिला.

चूक: निथळायला भोकं लहान पाडली. काळी माती फुगून भोकं बंद झाली, पाणी दीड दिवस वरच उभं राहिलं. ट्रे उपसून खाली बोटभर वाळू घातली आणि पुन्हा भरले. वाफसा यायला आणखी दोन दिवस. पेरणी ७ तारखेला झाली.

१५ नोव्हेंबर

तशाच मातीत ५० पैकी १४ आणि १७ वर आले. निथळलेल्या मातीत २४ आणि २७. भुस्कटाखाली ३८ आणि ३६.

निथळूनही निम्मेच का, म्हणून एक ट्रे उकरला. वरची माती वाळून टणक खपली झाली होती, चाकूच्या टोकाने उचलावी लागली. तिच्याखाली कोंब सापडले, पांढरे, आडवे वाकलेले, खपलीला डोकं लावून वाकडे झालेले. तेरा मोजले. हे दाणे मिठाने अडवले नव्हते. फुटले होते, कोंबही आला होता, खपलीने कोंडले. चोपण माती गोड्या पाण्याने भिजवली की अशी खपली जास्तच घट्ट धरते, तिला जिप्सम लागतं. डब्यांचे आकडे घेऊन थेट वावरात गेलो असतो तर हे कळलंच नसतं.

१६ नोव्हेंबर

बी भिजवून पेरायचा विचार. पहिल्यांदा २४ तास भिजवलं. मुळ्या बाहेर आल्या, सावलीत सुकवताना मोडल्या. दोन किलो बी कोंबड्यांना गेलं. दुसऱ्यांदा रात्री आठला घातलं, सकाळी सहाला काढलं, सावलीत गोणपाटावर पसरून हाताला कोरडं लागेपर्यंत सुकवलं. या बियाचे १०० दाणे नऊ ग्रॅमच्या पाण्यात ठेवले.

१८ नोव्हेंबर

४८ तासांत ४७ फुटले. न भिजवलेल्याचे २२ होते. फुटायला जवळजवळ एक दिवस आधी सुरुवात.

१९ नोव्हेंबर

कालव्याची पाळी उद्या सकाळी येणार. पेरणीला तसा उशीर झालाच, नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा गेला.

खारीत तीन पट्टे आखले. पहिला नेहमीसारखा: आजच कोरड्यात पेरला, उद्या वरून पाणी. दुसरा: आधी पाणी उभं करायचं, खालच्या बाजूच्या चरातून काढून द्यायचं, वाफशावर पेरायचं, वर भुस्कट. तिसरा दुसऱ्यासारखाच, पण भिजवलेलं बी. तिन्ही एकाच दिवशी पेरले जाणार नाहीत, त्यामुळे तुलना पूर्ण निर्दोष नाही. ते ठाऊक आहे, पण वाफसा काही माझ्या सांगण्यावर येत नाही.

२० नोव्हेंबर

पाणी दिवसभर. चराचं तोंड दोनदा बुजलं, फावडं घेऊन उभाच राहिलो. शेजारचे अण्णा बांधावर येऊन म्हणाले, “आलेलं पाणी चरातून सोडून देतो का रं?” त्यांना चराच्या तोंडाशीच पेन दाखवला. आत येणारं पाणी ०.४, बाहेर जाणारं १.७. ते बराच वेळ पेनकडे बघत राहिले.

३० नोव्हेंबर

दहाव्या दिवशी वाफसा. वरच्या दोन इंचांची क्षारता २.१ वरून १.२. बोअरच्या पाण्याने हे साधलं नसतं, ते स्वतःच २.४ आहे.

चाड्यावर (तिफणीचं बी सोडायचं भांडं) मायने मूठ धरली. भिजवलेलं बी फुगलेलं असतं, नळीत अडकतं. पहिल्या दोन तासांना (तिफणीच्या फेऱ्यांना) मधेमधे बी पडलंच नाही. पुन्हा गोणपाटावर तासभर पसरलं तेव्हा सुरळीत झालं. ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राने पेरणार असाल तर बी अजून सुकवा.

१० डिसेंबर

प्रत्येक पट्ट्यात पाच ठिकाणी एकेक मीटर ओळ मोजली. मीटरला साधारण ६० दाणे पडलेत.

पहिला पट्टा: २३. हा वीस दिवसांचा आहे, आता यात नवीन काही येणार नाही. दुसरा: ४१. तिसरा: ४४. खारीबाहेरच्या चांगल्या रानात ५२.

भिजवलेल्या बियाचा तीनाचा फरक मी फरक मानत नाही, पाच ठिकाणच्या मोजणीत तो सहज इकडेतिकडे होतो. रोपं मात्र दोन दिवस आधी दिसली. पाणी उभं करून काढून देणं आणि भुस्कट, काम या दोन्हींनी केलं. दोन्हीपैकी कुणी किती, ते या मांडणीतून सांगता येत नाही. भुस्कटाविना एक पट्टा ठेवायला हवा होता.

वरची माती आज पुन्हा मोजली: १.५. दहा दिवसांत ०.३ ने परत चढली. सगळं मीठ चरातून गेलेलं नाही, काही खाली ढकललं गेलंय आणि ते वर येतंय. पुढचं पाणी लांबवायचं नाही.

खर्च: पेन ३५०, काटा ४५०, डिस्टिल्ड पाणी २२०, डबे १६०, टिश्यू पेपर १२०, मीठ २०. एकूण १,३२० रुपये. चर काढायची मजुरी वेगळी, १,२००. वाया गेलेले दिवस: पहिल्या खेपेचे नऊ, ट्रेच्या भोकांचे तीन.

१४ डिसेंबर

पहिल्या पट्ट्यात नांग्या (ओळीतल्या रिकाम्या जागा) भरायच्या की नाही यावर घरात चर्चा. माय म्हणाली, “राहू दे तसाच. कापणीला तिन्हीचं वजन वेगळं करू.” नांग्या भरल्या नाहीत. तिन्ही पट्ट्यांच्या टोकाला खुंट्या ठोकून लेकीने त्यांवर ऑइलपेंटने एक, दोन, तीन लिहिलं. जिप्समसाठी खारीची माती परत तपासायला दिलीय, या वेळी वरची आणि खालची वेगवेगळ्या पिशव्यांत.